डाव्या भिंगामागचा डाग

१

सोमवारी सकाळी नेवेना पोपाराने अजून अंगातला कोटही काढला नव्हता, तेवढ्यात तिला खिडकीच्या कट्ट्यावर तो हेडसेट दिसला. उताणा पडलेला, दोन्ही भिंगं काचेकडे. शुक्रवारी संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने तो खोक्यात ठेवला होता आणि झाकण लावलं होतं.

तिने तो उचलला आणि डाव्या भिंगातून आत पाहिलं. आतल्या पडद्यावर जिऱ्याच्या दाण्याएवढा, पिवळट-काळा, लांबुळका डाग पडला होता.

या धंद्यात आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावतात, की हेडसेट उन्हात उघडा टाकू नकोस. भिंग ऊन गोळा करतं आणि आतला पडदा जाळतं. कागद पेटवायला भिंग धरणाऱ्या कुठल्याही पोराला हे कळतं.

नोवी सादमधल्या जुन्या बटणांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर ही चार माणसांची कंपनी होती. अग्निशामक दलाच्या शाळेसाठी ती आभासी आग तयार करत होती. शिकाऊ जवानाने हेडसेट घालायचा, धुराने भरलेल्या तळघरात उतरायचं आणि एक केसही न जळता आग विझवायला शिकायचं. आग आणि धूर रंगवायला मात्र कपाटाएवढं महागडं यंत्र लागायचं. नेवेनाने त्यावर वेगळी वाट काढली होती. माणूस ज्या जागी बघतोय तेवढीच जागा बारकाईने रंगवायची, बाकीचं चित्र ढोबळ ठेवायचं. नजर हलली, की बारीक रंगवलेली जागाही तिच्याबरोबर हलते. त्यामुळे कपाटाचं काम बुटांच्या खोक्याएवढं यंत्र करत होतं. या कामात तिची पाच वर्षं गेली होती. डोळ्यांवर नजर ठेवणारे बारके कॅमेरे बसवलेला हेडसेट कंपनीत एकच होता, आणि तो आता तिच्या हातात जळून पडला होता. दलाच्या शाळेचे कप्तान राडेन्को आज अकराला तोच बघायला येणार होते.

"ठेवलास ना उन्हात?"

दारात वुकान उभा होता. कंपनीचा मालक. अंगापिंडाने आडवा, पण डोळे इतके जवळजवळ की नाकाला मधे जागा कशी मिळाली असा प्रश्न पडावा.

"मी नाही ठेवला, मालक. मी खोक्यात ठेवला होता."

"शुक्रवारी शेवटी कोण गेलं?"

"मी."

"झालं तर मग. तू नाहीतर पर्सिदाने. झाडताना बाहेर काढला असेल आणि विसरली असेल. पण जबाबदारी तुझी." वुकानने खिशातून एक कागद काढला. इतक्या सकाळी तो टाइप होऊन आलासुद्धा होता. "सही कर. नुकसानभरपाई मागणार नाही मी. पाच वर्षं होतीस, तेवढी माणुसकी आहे माझ्यात."

नेवेनाने वाचलं. नुकसान तिच्या हलगर्जीने झालं, सबब या पद्धतीवरचा आपला निम्मा हक्क ती सोडत आहे, असं त्यात होतं.

"आणि कप्तानांना काय दाखवणार?"

"तिहोमीर मोठं यंत्र लावतोय. बाहेरचं तयार सॉफ्टवेअर घेऊ. नेवेना, खरं सांगू का, तुझी पद्धत चालण्यातली नाही. मी घालून बघितलंय ना. कडेला सगळा चिखल, आणि मधे एक स्वच्छ गोळा सशासारखा इकडून तिकडे टुणटुण उड्या मारतोय. माझं डोकं गरगरलं."

"चालण्यातली नाही म्हणता, मग तिच्यावरचा माझा हक्क कशाला हवाय तुम्हाला?"

वुकानने कागद तिच्यापुढे सरकवला. "वकिलाची भाषा असते ती. सही कर."

"नाही करणार."

"कप्तान आल्यावर त्यांच्यासमोर तुला दोषी ठरवायला मला आवडणार नाही."

"ठरवा. तोवर हे कोणी केलं ते मी शोधते. माझ्या नावावर जळका डाग घेऊन मी या जिन्यावरून उतरणार नाही."

वुकान खांदे उडवून गेला. नेवेनाने पुन्हा भिंगाला डोळा लावला आणि तशीच थांबली. त्या डागात काहीतरी चुकत होतं. जे घडलं म्हणून तिला सांगत होते, त्या मानाने तो फारच लहान होता.

२

पर्सिदामावशी जिन्याखाली बादली पिळत होत्या. कारखाना बटणं बनवत होता तेव्हापासून त्या इथे झाडलोट करत आल्या होत्या आणि मालक लोकांबद्दल त्यांचं मत तेव्हापासूनच ठरलेलं होतं.

"मावशी, शनिवारी सकाळी तुम्ही वर आला होतात?"

"दर शनिवारी येते. का? माझ्यावर घालतायत वाटतं?"

"घालू देणार नाही. तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर काही होतं?"

"माझ्या फडक्याखेरीज काही नाही. तुझं ते खोकं मेजावर होतं, झाकण बंद. कट्टा मी पुसला." मावशींनी बादली बाजूला सरकवली. "आणि आज सकाळी मोरीत राकिया दारूचे दोन छोटे पेले होते. धुतलेले होते, पण पुरुषाने धुतल्यासारखे. मी परत धुतले."

"दोन?"

"मला दोनपर्यंत मोजता येतं गं."

नेवेना तिथेच पायरीवर बसली. आता तिला डागाचं काय खटकत होतं ते कळलं.

शनिवार-रविवारी ऊन कडक होतं. ऑक्टोबरात परत येणारा मिहोल्यदानाचा उन्हाळा, लोक अर्ध्या बाहीने डॅन्यूबच्या काठी फिरत होते. खिडकी पश्चिमेची, तिच्यात ऊन येतं ते दुपारनंतर आणि मावळेपर्यंत राहतं. सूर्य एका जागी थांबत नाही, आणि तो सरकेल तसा भिंगाखालचा चटकाही सरकतो. हेडसेट शुक्रवारपासून तिथे पडला असता, तर दोन अख्ख्या दुपारी सूर्याने पडद्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत चरा ओढला असता. इथे होता जिऱ्याएवढा डाग. म्हणजे हेडसेट उन्हात राहिला तो राकियाचा एक पेला संपेपर्यंत. मग कोणीतरी तो उचलला. आणि ऊन नसलेल्या वेळी, बहुतेक आज सकाळी, मुद्दाम परत तिथे आणून ठेवला, नेवेनाला सापडावा म्हणून.

विसराळूपणा म्हणून खपवलेली ही गोष्ट आता सरळ सरळ लबाडी झाली. किल्ल्या पाच जणांकडे होत्या. मावशी आणि ती स्वतः सोडली तर उरले तिघं.

३

तिहोमीर मोठ्या यंत्राच्या तारांत गुडघ्यांवर बसला होता. तो कंपनीचा चित्रकार. तळघरातली प्रत्येक वीट त्याने रंगवलेली. नेवेनाच्या पद्धतीवर त्याचा राग होता आणि तो त्याने कधी लपवला नव्हता.

"ये. मला बेड्या घालायला आलीस?" त्याने हात पुढे केले. बोटं तांबडीलाल आणि सालटं निघालेली होती.

"हे काय झालं?"

"सासूबाईंचं आयवार, लाल मिरच्यांची चटणी. दोन दिवस मिरच्या भाजतोय आणि सोलतोय. शनिवारीही तेच, रविवारीही तेच. पुढच्या वर्षी बाजारातली बरणी आणून वर त्यांच्या हातची चिठ्ठी चिकटवणार आहे. विचार त्यांना, मी उठून कुठे गेलो असतो तर त्यांनी मला पळीने मारलं असतं."

"तुला ही पद्धत नकोच होती, तिहोमीर."

"नकोच होती. चार महिने मी विटा रंगवतो आणि तू त्यातल्या वाटाण्याएवढ्या नीट दाखवतेस. कोणाला राग नाही येणार?" त्याने पाना खाली ठेवला. "म्हणून मागच्या आठवड्यात तू जेवायला गेलीस तेव्हा मी तुझा हेडसेट घातला. चोरी पकडायची होती मला. तू ढोबळ ठेवलेला भाग शोधत होतो. डोळे झटकन डावीकडे, झटकन वर, तिरपे. अर्धा तास. मान दुखली."

"मग?"

"मग काय, जिथे बघावं तिथे सगळं लख्ख. ढोबळ भाग कुठे सापडलाच नाही. घालणाऱ्याला तो दिसतच नाही, कारण तो बघायला गेला की तिथे नीट चित्र हजर. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, ही बाई बदमाश आहे, पण हुशार आहे."

"हे मला का नाही सांगितलंस?"

"एवढा मोठा माणूस नाही मी," तिहोमीर म्हणाला आणि परत तारांत शिरला.

नेवेना वळली आणि दोन पावलांवर तिचे पाय थांबले. सकाळचं कोणाचं तरी वाक्य तिच्या कानात घुमलं, आणि तिहोमीरच्या बोलण्याशी ते काही केल्या जुळेना.

४

पण नुसत्या एका वाक्यावर मालकाला धरता येत नाही. तो म्हणाला असता, तुझा हेडसेट त्या दिवशी बिघडला असेल. नेवेना मेजाशी आली आणि तिने हेडसेट नव्या नजरेने तपासला. जळलेल्या जागेकडे सगळेच बघत होते, म्हणून तिने बाकीचं बघितलं.

भिंगांच्या खाली एक छोटं चाक असतं. प्रत्येकाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर वेगळं, त्यानुसार भिंगं जवळ-लांब करायची. चाक घट्ट होतं, धक्क्याने फिरणारं नव्हतं. आणि ते शेवटच्या टोकापर्यंत, सगळ्यात रुंद खुणेवर होतं. नेवेनाने वसंतात पट्टी धरून सगळ्यांचे डोळे मोजले होते. चौघांपैकी कोणाचेच डोळे त्या खुणेच्या जवळपास नव्हते. वुकानचे तर दुसऱ्या टोकाला.

मग तिने यंत्राच्या मागे हात घातला. तिथे एक तार खोचलेली होती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्याची तार.

तो पडदा बघ्यांसाठी होता. हेडसेट घातलेल्याला काय दिसतंय ते इतरांनाही दिसावं म्हणून. पण तेच चित्र आणखी एकदा भिंतीवर पाठवायचं म्हणजे बिचाऱ्या छोट्या यंत्रावर जास्तीचं ओझं, म्हणून पद्धत सुरू केल्या दिवसापासून नेवेनाने ती तार काढून आपल्या खणात टाकली होती. तिच्या पद्धतीने काढलेलं चित्र त्या भिंतीवर कधी उमटलंच नव्हतं. तिने खण उघडला. खण रिकामा होता.

"काय शोधतेस?" इसिदोरा कॉफी घेऊन आली होती. गिऱ्हाइकांशी बोलणं तिच्याकडे होतं, आणि व्हिएन्नाच्या एका कंपनीने तिला बोलावलंय हे मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं.

"तू शनिवार-रविवारी कुठे होतीस?"

"दोन्ही दिवस काकांकडे, कामेनित्सात. स्लावा होती, घरच्या संताचा सण. चाळीस पाहुण्यांच्या बश्या कोणी धुतल्या विचार. देवाच्या नावाने लोक जेवतात आणि पुतण्या खरकटं काढतात." तिने कप आपटला. "व्हिएन्नाचं विचारायचंय ना? जाणार आहे मी. पण जाताना दारातून जाईन, तुझं काम बगलेत मारून नाही."

"भिंतीवर माझं चित्र बघितलंस कधी?"

"कसं बघणार? तूच तर तार लपवून ठेवतेस. मालक शुक्रवारी विचारत होते, कुठे असते ती म्हणून. मी म्हटलं, तिच्या खणात."

नेवेनाने कॉफीचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. राकियाचे दोन पेले. एक घालणारा, या चौघांपैकी नसलेला. एक बघणारा. तिला आता बघणाऱ्याचं नाव माहीत होतं.

खाली फाटकाशी गाडी थांबली. कप्तान वेळेआधी आले होते, आणि जिन्यावर त्यांच्याशी बोलणारा आवाज वुकानचा होता.

५

"...आमच्याच एका माणसाच्या हलगर्जीने, कप्तान. फार वाईट वाटतं मला," वुकान सांगत आत आला.

कप्तान राडेन्को उंच, किडकिडीत गृहस्थ. धुरात आयुष्य घालवलेल्या माणसासारखे ते मधूनमधून खाकरत. "म्हणजे ते छोटं यंत्र नाही? वुकान, मोठी यंत्रं मला राजधानीतही मिळतात. माझ्या गावोगावच्या तुकड्यांकडे पंप दुरुस्त करायची मारामार आहे. ते कपाट कुठून घेणार?"

"छोट्याने काम भागत नाही, कप्तान. मी स्वतः बघितलंय."

"काय बघितलंत ते सांगा ना यांना," नेवेना म्हणाली. "सकाळी मला सांगितलंत तसंच."

वुकानला तिचा आवाज मऊ वाटला असावा. तो खुलला. "कडेला चिखल, कप्तान. मधे एक स्वच्छ गोळा, तो उड्या मारत फिरतोय. तुमच्या पोरांना ओकाऱ्या होतील."

"हेडसेट घालून बघितलंत?"

"घालून. चांगला दहा मिनिटं."

"ठीक." नेवेनाने डाव्या भिंगावर कागद चिकटवला आणि चाक फिरवून बेताचं केलं. "कप्तान, एकच डोळा जळलाय. उजवा शाबूत आहे. बसा."

"नेवेना, पुरे झालं आता," वुकान म्हणाला.

"पुरं व्हायचंय अजून."

कप्तानांनी हेडसेट चढवला. थोडा वेळ ते नुसते मान फिरवत राहिले. मग खुर्चीतून खाली वाकले, मग वर छताकडे. "धूर खरा वाटतो. वीट न् वीट दिसते आहे."

"कडेला बघा. गोळा दिसतो का? चिखल?"

"कुठेय? मी बघतोय तिथे सगळं स्वच्छच आहे." त्यांनी चार-पाच वेळा नजर झटकली. "नाही बुवा."

"आता काढा आणि भिंतीकडे तोंड करून बसा. तिहोमीर, घाल तू."

तिहोमीर मुकाट्याने उठला. त्याने हेडसेट घातला, नेवेनाने भिंतीवरचा पडदा सुरू केला, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते दिसलं. तेच तळघर, पण चिखल झालेलं. आणि त्या चिखलात एक स्वच्छ गोळा तिहोमीरच्या नजरेबरोबर विटेवरून धुरावर, धुरावरून शिडीवर उड्या मारत होता.

नेवेनाने भिंतीकडे बोट दाखवलं.

"घालणाऱ्याला गोळा कधी दिसत नाही, मालक," ती म्हणाली. "गोळा त्याच्या नजरेबरोबरच फिरतो. तो दिसतो फक्त या खुर्चीत बसून भिंतीकडे बघणाऱ्याला. आणि या भिंतीवर माझं चित्र आजवर कधी आलं नव्हतं. शुक्रवारी तुम्ही तारेची चौकशी केलीत, आज ती यंत्राला लागलेली आहे. तुम्ही इथे बसला होतात. हेडसेट दुसऱ्याच्या डोक्यावर होता, आणि त्याचे डोळे आमच्या कोणाहूनही रुंद आहेत, हे चाक सांगतं. कोण होता तो?"

"मूर्खपणा आहे हा. हेडसेट शुक्रवारपासून खिडकीत होता."

"शनिवारी सकाळी कट्टा पुसलेला आणि मोकळा होता. आणि दोन दुपारी तिथे पडला असता तर पडद्याच्या आरपार चरा गेला असता. एक पेला राकिया प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच डाग आहे हा. पेले दोन होते."

कप्तानांनी हेडसेट मागून घेतला, उजेडाकडे धरला आणि डागाकडे बराच वेळ पाहिलं. "मी जळलेली घरं बघत आलोय," ते वुकानला म्हणाले. "स्वतःच आग लावलेला घरमालक ती कुठे लागली ते नेहमी मोठ्याने सांगतो. बाईंचं बरोबर आहे."

वुकान खुर्चीवर बसला. त्याच्या आडव्या देहातली हवा गेली. "तो पाहुणा होता, शनिवारी दुपारी आलेला," वुकान म्हणाला. "बाहेरच्या एका कंपनीचा. त्याने हेडसेट काढला आणि कट्ट्यावर ठेवला, आम्ही बोलत बसलो. त्याला काय माहीत? माझ्याही ध्यानात आलं नाही, धूर आला तेव्हा बघितलं. मी काही मुद्दाम जाळला नाही, नेवेना."

"जळला तो चुकून. पण आज सकाळी परत कट्ट्यावर ठेवलात तो मुद्दाम, आणि कागद टाइप केलात तोही. मला माझं काम चिखल म्हणून सांगायचं, हक्क सोडायला लावायचा, आणि त्याला सोनं म्हणून विकायचं."

"कंपनी बुडते आहे. मी ती वाचवत होतो."

"मला बुडवून."

"बरं, ऐक. तुझा निम्मा वाटा ठेवू. त्याला सांगतो मी. आहे काय आणि नाही काय, चौघंही तरून जाऊ."

"आधी सांगा, की हे नेवेनाने केलं नाही."

"नेवेनाने केलं नाही," वुकान जमिनीकडे बघत पुटपुटला.

"मावशी!" नेवेनाने जिन्यातून हाक मारली आणि पर्सिदामावशी हात पुसत वर आल्या. "आता यांनाही सांगा. मोठ्याने. सकाळी यांचंही नाव घेतलंत."

वुकानने मान वर केली. तिहोमीर, इसिदोरा, कप्तान, सगळे त्याच्याकडे बघत होते. "पर्सिदा, तुझाही काही दोष नव्हता," तो म्हणाला.

"मला माहीत होतं," मावशी म्हणाल्या. "तुम्हालाही होतं."

"आता पाहुण्यांना फोन लावा," नेवेना म्हणाली. "सगळ्यांना ऐकू येईल असा."

वुकानने कप्तानांकडे पाहिलं. कप्तान हाताची घडी घालून उभे होते. त्याने फोन लावला. पलीकडचा माणूस आनंदाने बोलू लागला, शब्द शोधत शोधत, बाहेरच्या उच्चारात. "वुकान, बरं झालं फोन केलात. सह्या झाल्या का?"

नेवेनाने फोन हातात घेतला. "मी नेवेना पोपारा. शनिवारी तुम्ही जे डोक्यावर घालून बघितलंत, ते माझं काम आहे."

"अरे वा, तुम्हीच का त्या? वुकान म्हणाले की तुम्ही काम सोडून गेलात."

"मी इथेच आहे. एकच विचारते. घातल्यावर कुठे धूसर दिसलं तुम्हाला? कडेला चिखल? डोकं गरगरलं?"

"छे, छे. काचेसारखं स्वच्छ, जिकडे बघावं तिकडे. मी वुकानना म्हटलं, असं काम मी कुठे बघितलेलं नाही. म्हणून तर सगळं विकत घ्यायचं म्हणतोय. बाई, आकडा तुम्ही सांगा, मी अडणार नाही."

कप्तान राडेन्को खाकरले. नेवेनाने त्यांच्याकडे पाहिलं. पद्धत बाहेर विकली गेली, तर पंपांच्या दुरुस्तीची मारामार असलेल्या त्यांच्या तुकड्यांना ती परवडणार नव्हती, आणि कप्तानांनी ते बोलून दाखवलं नव्हतं.

"विकायचं नाहीये," ती म्हणाली आणि फोन वुकानच्या हातात परत दिला.